सहा जुनी मशीन, एक फायबर : क्लाउड गेमिंग प्रकल्पाच्या नोंदी, पुणे

७ जून २०२५

जागा : कोथरूडमधल्या सोसायटीची क्लब रूम, पहिला मजला. सामान : एका ऑफिसने मोडीत काढलेले सहा डेस्कटॉप. चार मशीन सहाव्या पिढीच्या कोअर आय५ ची, दोन चौथ्या पिढीच्या आय३ ची. सगळ्यांत ८ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड एकातही नाही. मॉनिटर चार १३६६ बाय ७६८ चे, दोन फुल एचडी. जोडणी १०० एमबीपीएसचं फायबर.

काम : या मशीनवर नवे, जड गेम क्लाउडवरून खेळता येतात का ते तपासणं, आणि येत असतील तर सहा जण एकाच वेळी खेळू शकतील अशी बसवणी करणं.

क्लाउड स्ट्रीमिंगमध्ये गेम आपल्या मशीनवर चालतच नाही. तो डेटा सेंटरमधल्या ग्राफिक्स कार्डावर चालतो. तिथे प्रत्येक चित्र दाबून व्हिडिओसारखं इकडे पाठवलं जातं, आणि इकडून फक्त कळा, माउस, कंट्रोलरची हालचाल तिकडे जाते. म्हणजे आपल्या मशीनला एकच खरं काम उरतं, आलेला व्हिडिओ उलगडणं. त्यामुळे मशीन किती जुनं चालेल हे प्रोसेसरच्या वेगावर ठरत नाही. त्यातला व्हिडिओ डिकोडर, म्हणजे व्हिडिओ उलगडणारा भाग, कोणता कोडेक (व्हिडिओ दाबण्या-उलगडण्याची पद्धत) ओळखतो, यावर ठरतं.

सहाव्या पिढीचं इंटेल एच.२६४ आणि एचईव्हीसी हे दोन्ही कोडेक हार्डवेअरमध्ये उलगडतं. चौथ्या पिढीचं फक्त एच.२६४. एव्ही१ हा नवा कोडेक या सहांपैकी एकालाही जमणार नाही, इंटेलमध्ये तो डिकोडर अकराव्या पिढीपासून आला. आय३ वर मुद्दाम एचईव्हीसी लावून पाहिलं. सगळा भार प्रोसेसरवर आला, पंखा भणभणायला लागला आणि चित्र अडखळलं. त्याच मशीनवर एच.२६४ लावल्यावर प्रोसेसर २० टक्क्यांच्या खाली. जुन्या मशीनवर कोडेक ‘ऑटो’वर सोडू नये, हाताने एच.२६४ निवडावा.

१४ जून

विलंब म्हणजे बटण दाबल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा वेळ. तो कुठे कुठे मुरतो त्याची यादी केली. सेकंदाला ६० फ्रेमच्या, म्हणजे ६० चित्रांच्या, गेममध्ये एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची असते, ते माप डोळ्यांपुढे ठेवायचं.

कंट्रोलर किंवा माउस : वायरचा १ ते ८ मिलिसेकंद, ब्लूटूथचा त्याहून जास्त आणि बेभरवशाचा. गेम स्वतः : एक ते तीन फ्रेम, आणि हे घरच्या पीसीवरही असतंच. सर्व्हरवर चित्र दाबणं : साधारण ५. नेटवर्कवरची जा-ये : हा आकडा ठिकाणावर ठरतो. आपल्याकडे उलगडणं : ५ ते १०. मॉनिटर : ८ ते १६. टीव्ही असेल आणि गेम मोड बंद असेल तर चित्र ‘सुंदर’ करण्यात तो एकटाच आणखी ५० ते १०० खातो.

नेटवर्कचा भाग ठिकाणावर कसा ठरतो ते पाहू. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर १०० किलोमीटर अंतरामागे जाऊन-येऊन १ मिलिसेकंद. मुंबई रस्त्याने १५० किलोमीटर, हिशेबाने दीड मिलिसेकंद पुरे. आमच्या वायरच्या मशीनवरून मुंबईतल्या सर्व्हरला पिंग, म्हणजे जाऊन-येऊन लागणारा वेळ, ६ मिलिसेकंद येतो, वरचे साडेचार मधल्या यंत्रांचे. सिंगापूर सरळ रेषेतही ३८०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे ३८ च्या खाली पिंग येणं निसर्गनियमानेच शक्य नाही. केबल मुंबई किंवा चेन्नईहून समुद्रात वळसा घेत जाते, आमच्याकडे ६८ येतो. प्लॅन १०० वरून १ हजार एमबीपीएसचा केला तरी हे ६८ हलणार नाहीत. ग्राहकाला वेग विकला जातो, पण अंतर विकत घेता येत नाही. म्हणून कुठलीही सेवा घेण्याआधी पहिला प्रश्न हाच : तुमचा सर्व्हर कुठल्या शहरात आहे?

नकाशावरचं अंतर आणि डेटाची वाट यांत फरक असतो, तोही नोंदवून ठेवतो. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युअरचं ‘सेंट्रल इंडिया’ हे डेटा सेंटर पुण्यातच आहे. तरी आमच्या ब्रॉडबँडवरून तिकडे ट्रेसराउट (डेटाची वाट दाखवणारी चाचणी) काढला तर वाट आधी मुंबईत उतरते आणि मग परत पुण्यात येते. दोन कंपन्यांची जाळी जिथे एकमेकांना जोडलेली असतात तिथूनच डेटा वळतो, सर्व्हर शेजारच्या उपनगरात असला तरी.

२१ जून

सहाही मशीन एकदम सुरू केली आणि सगळ्यांची चित्रं फुटली. एकेकटं मशीन उत्तम चालतं, चार सुरू केली तरी ठीक, पाचव्याला घोडं अडतं. आधी संशय ब्रॉडबँडवर गेला, कारण ७२०पीसाठी (१२८० बाय ७२० चं चित्र) दर मशीनला १५ एमबीपीएस धरले तर सहांचे ९०, आणि प्लॅन १०० चा. पण कंपनीकडे तात्पुरता २०० चा प्लॅन करून घेतला तरी वेग ९४ च्या वर जाईना.

९४ हा आकडा ओळखीचा आहे. १०० एमबीपीएसच्या इथरनेटवर शिरोभाग (डेटावर चिकटवलेला पत्ता वगैरे) वगळून जेवढं उरतं तेवढंच ते. स्विचवर (राउटरच्या एका केबलचे अनेक फाटे करणारी पेटी) पाहिलं तर राउटरकडून येणाऱ्या पोर्टचा दिवा नारिंगी, म्हणजे १०० वर, बाकीचे हिरवे. भिंतीतून आलेल्या केबलची टोपी, म्हणजे टोकाचा कनेक्टर, कापून पाहिली. आठपैकी चारच तारा टोपीत घातलेल्या, उरलेल्या चार मागे मुडपून टाकलेल्या. कधीकाळी कॅमेऱ्यांसाठी ओढलेली केबल होती, कॅमेऱ्याला दोन जोड्या पुरतात. गिगाबिटला, म्हणजे १ हजार एमबीपीएसला, चारही जोड्या लागतात. तीन मिळाल्या तरी यंत्रं गुपचूप १०० वर उतरतात, कुठेही चूक दाखवत नाहीत.

पालख्या शहरात मुक्कामी, पेठांतले रस्ते बंद, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानासाठी तपकीर गल्लीत आज जाता आलं नाही.

२३ जून

खरेदी : कॅट६ केबल ४० मीटर, टोप्या २० नग, ८ पोर्टचा गिगाबिट स्विच. केबल घेताना अस्सल तांब्याचीच मागायची. वरून तांब्याचा मुलामा आणि आत अ‍ॅल्युमिनियम अशीही स्वस्त मिळते, ती वाकवताना मोडते आणि लांब ओढल्यावर सिग्नल गळतो. भिंतीतली जुनी केबल नवीच्या शेपटाला बांधून ओढली, दोन तासांत काम झालं. सगळे दिवे हिरवे. २०० च्या प्लॅनवर सहा मशीन, प्रत्येकी १५, चित्र एकदाही फुटलं नाही.

२८ जून

विलंब प्रत्यक्ष मोजला. सॉफ्टवेअर पडद्यावर जो पिंग दाखवतं तो फक्त नेटवर्कचा तुकडा असतो. बोटाला जाणवतो तो पूर्ण विलंब.

पद्धत : फोनवर सेकंदाला २४० फ्रेमचं स्लो मोशन. एकाच चौकटीत माउस धरलेलं बोट आणि मॉनिटर दोन्ही यायला हवेत. गेममध्ये बंदूक झाडणारं बटण. नंतर व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवायचा. बोटाखाली बटण बसल्याची पहिली फ्रेम म्हणजे शून्य, नळीच्या तोंडाशी उजेड दिसलेली पहिली फ्रेम म्हणजे शेवट. दर फ्रेम ४.१७ मिलिसेकंद. प्रत्येक प्रकारात २० वेळा झाडून मधला आकडा घ्यायचा. बटण नेमकं कधी बसलं हे दिसायला अवघड जातं, म्हणून बोटाच्या नखावर पांढऱ्या टेपचा बारीक तुकडा चिकटवला. टेप हलायची थांबली की बटण बसलं.

तुलनेसाठी ग्राफिक्स कार्ड असलेला लॅपटॉप, गेम त्याच्यावरच चालू : १६ फ्रेम, ६७ मिलिसेकंद.
मुंबईचा सर्व्हर, वायर : २३ फ्रेम, ९६.
मुंबईचा सर्व्हर, २.४ गिगाहर्ट्झ वाय-फाय : मधला आकडा २७, म्हणजे ११३. पण सगळ्यांत कमी २२ आणि सगळ्यांत जास्त ५८ फ्रेम.
सिंगापूरचा सर्व्हर, वायर : ३८ फ्रेम, १५८.
गेम मोड बंद असलेला टीव्ही : वरच्या कुठल्याही आकड्यात १७ फ्रेमची भर.

तिसऱ्या ओळीत खरी गोम आहे. मधला आकडा मुंबईच्या वायरपेक्षा फक्त चार फ्रेमनी जास्त, सरासरीच्या तक्त्यात हा फरक कुणाच्या डोळ्यांतही येणार नाही. हातात मात्र तो गेम खेळवत नाही. सतत १५८ मिलिसेकंद उशीर असला तर हात थोड्या वेळात त्याची सवय करून घेतो, आधी बटण दाबायला शिकतो. कधी ९२ तर कधी २४२ असेल तर सवय कशाची करणार? क्लाउड गेमिंगला वेगाआधी सातत्य लागतं. यूट्यूब पुढचे काही सेकंद आधीच भरून ठेवतं, म्हणून वाय-फायचे झटके त्यात लपतात. गेममध्ये पुढचं चित्र खेळणाऱ्याने अजून घडवलेलंच नसतं, भरून काय ठेवणार?

क्लब रूममधून २.४ गिगाहर्ट्झवर १९ वाय-फाय दिसतात, आणि त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. वायर शक्यच नसेल तिथे ५ गिगाहर्ट्झ, राउटर त्याच खोलीत. आमच्या सहाही मशीनना वायरच.

१२ जुलै

डेटाचा हिशेब. १५ एमबीपीएस म्हणजे तासाला ६.७५ जीबी. सहा मशीन : ४०.५ जीबी. रोज ३ तास, महिन्याला २६ दिवस, म्हणजे ७८ तास : ३१५९ जीबी.

‘अमर्याद’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक घरगुती प्लॅनच्या बारीक अक्षरांत महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते. ती ओलांडली की वेग इतका खाली येतो की गेम सोडाच, साधा व्हिडिओही नीट चालत नाही. म्हणजे ७२०पीवर आम्ही जेमतेम आत आहोत. फुल एचडीसाठी २५ एमबीपीएस धरले तर तासाला ६७.५ जीबी आणि महिन्याला ५२६५, तिसऱ्या आठवड्यातच दार बंद.

इथे जुने मॉनिटर पथ्यावर पडले. १३६६ बाय ७६८ च्या पडद्यावर फुल एचडी मागवणं म्हणजे डेटा मागवून फेकून देणं. चार मशीनवर ७२०पी पक्कं केलं. फुल एचडी मॉनिटरवरही गरज असेल तेव्हाच १०८०पी. १५ हा आकडा कमाल आहे, मेनू किंवा स्थिर दृश्यात वापर पुष्कळ खाली येतो. पण मर्यादेचा हिशेब कमालीवरच करावा.

१९ जुलै

संध्याकाळी साडेसात. सगळं सुरळीत, आणि अचानक सहाही मशीनवर नियंत्रण चिखलात पाय घातल्यासारखं जड. वेग तपासला तर भरपूर. पिंग मात्र ६ वरून २१० वर. कारण सापडलं : त्याच राउटरला जोडलेल्या एका फोनने फोटोंचा बॅकअप सुरू केला होता.

अपलोड भरला की राउटर डेटाची जादाची पाकिटं फेकून न देता रांगेत उभी करतो. आपली बटणाची चिमुकली पाकिटं त्या फोटोंच्या मागे ताटकळतात. याला बफरब्लोट म्हणतात, आणि ‘वेग आहे तरी अडकतंय’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं. वेग तपासताना पिंगही सोबत चालू ठेवला की दोन मिनिटांत कळतं.

उपाय : ओपनडब्ल्यूआरटी हे मुक्त सॉफ्टवेअर चालणारा राउटर, त्यात एसक्यूएम ही रांग सांभाळणारी सोय, रांगेची पद्धत ‘केक’. वेग प्लॅनच्या ९० टक्के, म्हणजे १८० वर बांधला, डाउनलोड आणि अपलोड दोन्ही. मर्यादा आपण कमी ठेवल्याने रांग कंपनीच्या यंत्रात न लागता आपल्या राउटरमध्ये लागते, आणि आपला राउटर लहान पाकिटांना वाट देतो. हार्डवेअर ऑफलोड (पाकिटं थेट चिपमधून पुढे ढकलण्याची सोय) बंद करायला विसरायचं नाही. तो चालू असेल तर पाकिटं एसक्यूएमला वळसा घालून निघून जातात आणि काहीच फरक पडत नाही. पहिला तासभर आमचा त्यातच गेला. आता बॅकअप चालू असतानाही पिंग ९ ते १२.

२ ऑगस्ट

चित्राचा दर्जा. फुल एचडीचं न दाबलेलं चित्र, ६० फ्रेमनी, सेकंदाला जवळपास ३ हजार मेगाबिट होतं. ते २५ मध्ये बसवायचं म्हणजे १२० पटींनी दाबणं. एका फ्रेमच्या वाट्याला सुमारे ५२ किलोबाइट येतात.

आकाश, भिंती, मैदान यांना ते पुरतात. शर्यतीच्या गेममध्ये पाऊस लावून पडद्याजवळ जाऊन पाहिलं. गाडी उभी असताना काचेवरचा थेंब न थेंब दिसतो. गाडी सुटली की आधी कडेचं गवत हिरवा लगदा होतं, मग वायपरच्या पात्यामागे चौकोनी ठिपक्यांची शेपटी उमटते, आणि वळणावर रस्त्याचा पोतच नाहीसा होतो. प्रत्येक थेंब दर फ्रेममध्ये नव्या जागी असल्याने मागच्या चित्रातून उसनं घेण्यासारखं कोडेकला काही उरत नाही. अंधाऱ्या दृश्यात काळ्याच्या पायऱ्या पडतात. गडद पार्श्वभूमीवरची बारीक लाल अक्षरं पुसट दिसतात, कारण रंगाची माहिती उजेडाच्या माहितीच्या चौथाईवर आणलेली असते. बिटरेट (सेकंदाला येणारा डेटा) वाढवून हा शेवटचा दोष जात नाही. गेममध्ये अक्षरांचा आकार मोठा करणं हाच उपाय.

९ ऑगस्ट

कोणते गेम घ्यावेत. पाळीपाळीने खेळायचे, कोडी, शहरं वसवायचे, गोष्टीचे, फुटबॉल : मुंबईच्या सर्व्हरवर निःशंक. शर्यत : चालते. फायटिंग गेममध्ये चाल एकेका फ्रेमवर ठरते, ताल धरायच्या गेममध्येही तेच, तिथे क्लाउड नको. स्पर्धेतली नेमबाजी नको. व्हॅलोरंट तर होणारच नाही, त्याची व्हॅनगार्ड ही फसवणूकरोधी यंत्रणा क्लाउडमध्ये वापरतात तशा व्हर्च्युअल मशीनवर गेम चालू देत नाही.

मालकीचा मुद्दा पालकांसमोर स्पष्ट मांडायला हवा. गूगलची स्टेडिया ही क्लाउड गेमिंग सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली आणि १८ जानेवारी २०२३ ला बंद झाली. तिथे विकत घेतलेला गेम फक्त तिथेच चालायचा. गूगलने पैसे परत केले, हे चांगलंच. पण कित्येकांची खेळातली प्रगती तिथेच राहिली. एन्व्हिडियाच्या जीफोर्स नाऊची रीत वेगळी, स्टीम किंवा एपिक या गेमच्या ऑनलाइन दुकानांत आधी विकत घेतलेला गेम तिथे फक्त चालवायला मिळतो. सेवा गेली तरी गेम आपल्या खात्यात राहतो. पण प्रकाशकाने परवानगी काढून घेतली तर तो यादीतून जातो. फेब्रुवारी २०२० मध्ये अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझर्ड आणि बेथेस्डा या दोघांचे गेम असेच काढले गेले होते. तिथे महिन्याला १०० तासांची मर्यादाही आली आहे. आमच्या ७८ तासांना ती पुरते. एकच खातं घरी आणि इथे दोन्हीकडे वापरणाऱ्याने मोजून राहावं.

आमचा नियम : क्लाउड सेवेतच अडकणारा गेम विकत घ्यायचा नाही.

१६ ऑगस्ट

फायटिंग गेमसाठी दुसरी वाट. ग्राफिक्स कार्डाचं एक मशीन क्लब रूममध्येच ठेवून खोलीतल्या खोलीत स्ट्रीम करणं. त्या मशीनवर चित्र पाठवणारं सनशाइन, आय३ वर ते दाखवणारं मूनलाइट, दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आणि मुक्त. सनशाइनचं पान ब्राउझरमध्ये ४७९९० पोर्टवर उघडतं, मूनलाइटने दाखवलेला चार आकडी पिन तिथे घातला की जोडी जुळते.

मशीनला मॉनिटर जोडलेला नसेल तर पकडायला चित्रच नसतं. एचडीएमआयची खोटी टोपी लावली की विंडोजला पडदा आहे असं वाटतं. मूनलाइटमध्ये कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि एस एकत्र दाबल्यावर सगळे आकडे पडद्यावर येतात. आमचे : नेटवर्क १ मिलिसेकंद, डिकोड ६, गळालेल्या फ्रेम शून्य. २४० च्या मोजणीत १९ फ्रेम, ७९ मिलिसेकंद. मुंबईपेक्षा चार फ्रेम वाचल्या, डेटाच्या मर्यादेला धक्का नाही, आणि फायबर तुटलं तरी चालतं.

तोटा : एका वेळी एकच खेळणारा. वीज : खेळताना ३५० वॅट, चार तासांना १.४ युनिट, शिवाय त्याची उष्णता खोलीत. आय५ चं मशीन क्लाउडवर ४० वॅटमध्ये भागवतं. हेच मशीन घरून वापरायचं तर आणखी एक मेख आहे. आमच्या कंपनीचा आयपी पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे, त्यामुळे पोर्ट फॉरवर्ड करून (बाहेरून येणारी जोडणी राउटरवरून आत वळवून) उपयोग नाही. टेलस्केल (लांबची मशीन खाजगी जाळ्याने जोडणारी सेवा) किंवा आयपीव्ही६ (प्रत्येक मशीनला स्वतंत्र पत्ता देणारी पद्धत) लागेल. टेलस्केल थेट जोडणी न मिळता रिलेवरून, म्हणजे मधल्या सर्व्हरवरून, गेलं तर विलंब वाढतो, ते आधी तपासावं.

३१ ऑगस्ट

गणपतीचा पाचवा दिवस. परवा कोपऱ्यावर कमान उभी करताना झाडावरून गेलेली फायबर ताणली गेली आणि तुटली, जोड सव्वा दिवसाने झाला. तेवढ्या वेळात ५जी हॉटस्पॉटवर चाचणी घेतली. सकाळी ११ ला मुंबई पिंग २४, वरखाली थोडं, गोष्टीचे गेम चालले. संध्याकाळी ८ ला देखावे बघायला रस्ता भरलेला, पिंग ४० ते ३०० मध्ये नाचत होता. वेग तेव्हाही ६० एमबीपीएस. एकाच टॉवरवर हजारो फोन असल्यावर प्रत्येकाची पाळी उशिरा येते. मोबाइलवर हा प्रकल्प उभा करता येणार नाही, पर्यायी सोय म्हणून सकाळपुरतं ठीक.

फायबरचा मोडेम, राउटर आणि स्विच तिन्ही १२ व्होल्टचे, एका मिनी यूपीएसवर घेतले. मोडेमची पिन ५.५ बाय २.१ ची निघाली, स्विचची ५.५ बाय २.५, दोन्ही सारख्याच दिसतात आणि सैल बसली की धक्का लागून बंद पडतात. सोबतचे अडॅप्टर वापरले. पण डेस्कटॉप यूपीएसवर नाहीत, म्हणजे वीज गेली की गेम जातोच. फरक इतकाच, वीज परत आल्यावर नेट आधीच चालू असतं आणि सर्व्हरने सत्र अजून सोडलेलं नसेल तर खेळ तिथूनच पुढे सुरू होतो.

१३ सप्टेंबर

बसवणी अशी ठरली. चार आय५ मुंबईच्या क्लाउडवर, ७२०पी, एचईव्हीसी. एक आय३ खोलीतल्या मशीनवर मूनलाइटने, एच.२६४. दुसरा आय३ सुटा, पालकांच्या आणि अभ्यासाच्या कामासाठी, अडलं तर क्लाउडवर. प्लॅन २०० चाच ठेवला. चार मशीनचा महिन्याचा वापर कमालीने २१०६ जीबी, मर्यादेच्या बराच आत.

सहाही जागा क्लाउडवर नेण्याचा आग्रह सोडला. सहा ग्राफिक्स कार्डं विकत घेण्यापेक्षा चार जागा भाड्याने चालवणं आम्हाला निश्चित परवडतं, कारण दिवसाचे २१ तास ती कार्डं नुसतीच पडून राहिली असती. रोज आठ-दहा तास खेळलं जाणाऱ्या कॅफेने हाच हिशेब उलटा करावा, तिथे स्वतःचं मशीन लवकर वसूल होईल.

२० सप्टेंबर

मशीन ३ वर दर काही मिनिटांनी गळालेल्या फ्रेम २ टक्के. सेवा, सर्व्हर, कोडेक सगळं बाकीच्या तिघांसारखंच. केबल खुर्चीच्या चाकाखाली आलेली, आवरण चपटं झालेलं. नवी केबल भिंतीलगत पट्टीतून नेली, गळती शून्य. उरलेल्या पाच केबल खुर्च्यांपासून दूर घ्यायच्या आहेत, पट्टी ६ मीटर कमी पडते.